गिरणगांवचा आवाज दिल्लींत

मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या माणसाचें गाऱ्हाणें सरकारदरबारीं प्रथम पोंचलें तें मतपेटीच्या वाटेनें नव्हे, अर्जाच्या वाटेनें. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचें निवेदन तयार केलें. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, वेळेवर पगार, जायबंदी झालेल्यास कांहीं भरपाई, एवढेंच त्यांचें मागणें होतें. त्यांतली सुटी पदरांत पडावयास १८९० साल उजाडलें.

१९१९ च्या सुधारणांनीं दिल्लीस मध्यवर्ती कायदेमंडळ आलें. पण मताचा हक्क मिळकतीशीं व करभरणीशीं बांधलेला. चाळींतल्या एका खोलींत बिऱ्हाड करणाऱ्यास, मग तो सारी हयात मुंबईंत घालवो, मत कोठून असणार? सरकारनियुक्त सभासदांत मजुरांसाठीं म्हणून जी जागा होती, तिच्यावर १९२१ पासून वीस वर्षांहून अधिक काळ नारायण मल्हार जोशी बसले.

कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे जोशी आरंभीं शिक्षक होते. १९०९ सालीं ते भारत सेवक समाजांत शिरले आणि १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढली. ज्याला निवडावयाचें त्यालाच मत नाहीं आणि नेमणूक सरकारच्या हातीं, हें कसलें प्रतिनिधित्व, असा आक्षेप कोणीही घेईल, व तो खोटा म्हणतां येणार नाहीं. जोशी स्वतः कधीं साच्यावर उभे राहिलेले नव्हते. परंतु त्यांचें काम पाहावें. १९२० सालीं मद्रासेंत बी. पी. वाडिया यांच्या कामगार संघावर हायकोर्टाचा मनाईहुकूम आला; संप करविणें हाच जणूं गुन्हा ठरला. लगेच १९२१ सालीं जोशींनीं संघांना कायद्याचें संरक्षण द्यावें असा ठराव मांडला. कायदा झाला १९२६ सालीं! १९२४ सालीं त्यांनीं बाळंतपणांत मजूर स्त्रियांस सुटी व साहाय्य देणारें बिल आणलें, तें मात्र सभागृहानें फेटाळलें. मुंबई इलाख्यानें तसा कायदा १९२९ सालीं केला. त्या बिलाला १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं इलाख्याच्या कौन्सिलांत पाठिंबा देतांना, हा भार सरकारनेंही उचलावा, असें सांगितलें होतें.

१९३५ च्या कायद्यानें मुंबईच्या असेंब्लींत मजुरांच्या सात जागा आल्या. त्यांतली संघराज्याची योजना मात्र कागदावरच राहिल्यानें दिल्लीचें कायदेमंडळ जुन्याच घडणीचें राहिलें. गोलमेज परिषदेंत जोशी व आंबेडकर या दोघांनींही प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला होता. तो पुरा झाला १९५१-५२ च्या निवडणुकींत. तेव्हां चाळींतल्या बायाबापड्यांनीं मिळकतीचा दाखला न देतां मत दिलें. जोशी १९५५ सालीं वारले. दोनच वर्षांनीं, १९५७ सालीं, गिरणी संपांतून पुढें आलेले श्रीपाद अमृत डांगे मुंबईच्या मध्य मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. त्यांना मात्र कोणाच्या नेमणुकीची गरज पडली नाहीं.