हॉटेलातली कपबशी

पाटोडीचा रस्सा आणि भाकर घरी केली तर निम्म्या पैशांत होते, असे आई म्हणते. हिशेब खरा, पण अपुरा आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या दाराचा होता. हॉटेलांची दारेही आपल्याला बंदच होती. १९५० च्या घटनेतील पंधराव्या कलमाने ती कागदावर उघडली. तरी १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात हॉटेलातील भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला : ती वापरू न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कपबशीसाठी संसदेला कायदा करावा लागावा, ही कोणती थोर संस्कृती?

माझे आजोबा कापसाच्या गाड्यांबरोबर हमालीला अकोल्याला जात. वाटेवरच्या एका हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असे. चहा पिऊन ती त्यांनीच धुवायची. कायदा होऊन गेल्यावरही कित्येक वर्षे.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी त्यांना अकोल्याच्या हॉटेलात नेले. रस्सा त्यांना आवडला नाही. "बापा, घरचंच बरं," म्हणाले. मग चहा झाला, आणि ते उष्टी कपबशी उचलून मोरीकडे निघाले. मी त्यांचा हात धरला.