हुंडी, पेठ आणि परपेठ

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि खानदेशच्या कापसाला मुंबईमार्गे विलायतेची वाट मोकळी झाली, तेव्हा मुंबईचा निर्यातदार लिव्हरपूलच्या खरेदीदारावर पौंडांची विनिमयपत्रे काढून ती बँकेस विकी, आणि अमळनेरसारख्या पेठांतील देवघेव सराफांच्या हुंड्यांनी चाले. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदतीची ठरल्या मितीस. शहाजोग हुंडीचा पैसा केवळ शहाच्या, म्हणजे पतवान व्यापाऱ्याच्या, हाती पडे. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून हजाराच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असा मजकूर घालीत. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, आणि तीही हरवली तर तिसरी प्रत, म्हणजे परपेठ, लिहून मिळे. विलायती विनिमयपत्राच्याही तीन प्रती निरनिराळ्या टपालाने रवाना होत, हे साम्य मला विलक्षण वाटते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही हुंडीचा स्थानिक रिवाज अबाधित राखला. सराफांची ही व्यवस्था कोणत्याही सरकारी फर्मानावाचून उभी राहिली होती. पैसा चुकता झालेल्या हुंडीस खोखा म्हणत. जुन्या अमळनेरकर घराण्यांच्या दप्तरांत अशी खोखी असतील, तर ती कृपया रद्दीत घालू नयेत.