अमेरिकी मोटार आणि बुलढाण्यातील गॅरेज

अमेरिकेत 1964 च्या सुमारास ‘मसल कार’, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरी इंजिन बसवलेली वेगवान मोटार, लोकप्रिय झाली, तेव्हा भारताचे दार अशा गाड्यांना जवळजवळ बंद झालेले होते. सुटे भाग देशातच बनवण्याच्या धोरणामुळे मुंबईतील जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी 1954 च्या आसपास जुळणीचे काम थांबवले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मात्र कुर्ल्यात 1947 पासून क्रायसलर समूहाच्या डॉज, प्लिमथ गाड्या व फार्गो ट्रक जुळवले होते.

त्यामुळे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथून मुंबई–नागपूर–कोलकाता महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो, अमेरिकी गाडीची डागडुजी म्हणजे मुख्यतः त्याआधीच्या पिढीच्या गाड्यांची डागडुजी होय. या कामात गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात, खोलगट भाग लांबीने (पुट्टीने) भरून घासतात आणि मगच रंगाचे हात देतात. झिजलेले सिलिंडर बोअरिंग करून, म्हणजे आतून किंचित रुंद करून, त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. भाग मिळेनासे झाल्यावर अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले, कारण ते स्वस्तात चाले.

केंद्राच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. त्यामुळे एकेकाळी शहाणपणाचा ठरलेला इंजिनबदल आता अशा नोंदणीतील अडसर ठरू शकतो.