आई, युद्धात तू काय केलंस?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैन्यभरतीसाठी जी भित्तिपत्रके निघाली, त्यांतले १९१५ मधले सॅव्हिल लम्लीचे चित्र पुष्कळांच्या पाहण्यात असेल. खुर्चीत बसलेल्या बापाच्या मांडीवर मुलगी, पायाशी खेळण्यातले शिपाई मांडणारा मुलगा. आणि मुलगी विचारते आहे, महायुद्धात तुम्ही काय केलेत? शब्द मुलीचे, पण प्रश्न सरकारचा. लढायला न गेलेल्याला भावी अपत्यांसमोर शरमिंदा करणे हा त्याचा हेतू. चित्रात आई नाही.

सत्तर वर्षांनी हा प्रश्न आईकडे वळला. पॅम श्वाइट्झर यांनी १९८३ मध्ये लंडनला स्थापन केलेल्या 'एज एक्स्चेंज' या संस्थेने स्त्रियांच्या युद्धकाळातील आठवणींवर केलेल्या नाटकाचे नावच 'व्हॉट डिड यू डू इन द वॉर, मम?' असे होते. वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, त्यांच्याच शब्दांतून संहिता बांधायची आणि ती त्यांच्याच वस्त्यांत नेऊन सादर करायची, अशी संस्थेची रीत. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अविवाहित तरुणींनाही युद्धसेवा सक्तीची झाली होती. त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामे केली, शेते नांगरली आणि बहुधा पुरुषांपेक्षा कमी वेतन घेतले. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळजणी घरी परतल्या. युद्धाच्या आठवणी सैनिकाने सांगायच्या, हा संकेत असल्यामुळे या स्त्रियांपाशी आठवणी असूनही त्या 'युद्धाच्या' ठरत नव्हत्या.

मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांबाहेर हलवण्यात आले. त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅसच्या मुखवट्याची पेटी. अनेक गावांत मुलांना सभागृहात उभे करीत आणि यजमान आपल्या पसंतीचे मूल निवडून नेत. भावंडांची ताटातूट होई. कोणी तरी शेवटपर्यंत उभे राही. ज्याच्यावर बॉम्ब पडलाच नाही, ज्याला उलट वाचवले गेले, त्याने दुःख कोणत्या तोंडाने सांगावे? या मुलांच्या आठवणींवरही एज एक्स्चेंजने 'गुड नाइट चिल्ड्रन एव्हरीव्हेअर' हे नाटक केले.

हेच पुस्तकात लिहिता आले असते, आणि ते लिहिलेही गेले. पण लिखित आठवणीतला आवाज अखेर म्हाताऱ्या माणसाचा असतो; समजूतदार, बराचसा क्षमाशील. रंगमंचावर आजचे दहा वर्षांचे मूल ती चिठ्ठी लावून उभे राहिले, की समोर बसलेल्या आजीला आपण तेव्हा केवढे लहान होतो हे बाहेरून दिसते. नातवाच्या पिढीतला नट इथे नुसता उत्साहाचा भाग नाही. त्याचे वय हा पुरावाच आहे.

यात धोका अर्थात स्मरणरंजनाचा. (मराठीने हा शब्द घडवताना 'रंजन' जोडून फार नेमका इशारा दिला आहे.) युद्धकाळातली गाणी सुरू झाली की सभागृह गाऊ लागते आणि तो शेवटी उरलेला मुलगा बाजूला राहतो.

नाझी संहारातून वाचलेल्यांबाबत ही सोय नाही. इस्रायलमध्ये इरिट आणि एझ्रा डगन यांनी घडवलेल्या आणि २०१२ पासून न्यूयॉर्कमध्येही चाललेल्या 'विटनेस थिएटर'मध्ये किशोरवयीन विद्यार्थी आणि वाचलेले वृद्ध अनेक महिने भेटत राहतात, आणि त्यातूनच प्रयोग उभा राहतो. विद्यार्थी वृद्धाच्या तरुणपणाची भूमिका करतो, वृद्ध स्वतः मंचावर असतो. माझ्या मते इथे प्रयोगापेक्षा तालमी महत्त्वाच्या, कारण मुलाने चुकीचे काही केले तर 'असे नव्हते' म्हणणारा माणूस तिथे हजर असतो.

१९३९ मध्ये पाच वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. संहिता, ध्वनिमुद्रणे राहतील, नवी मुले त्यांचे प्रयोगही करतील. मात्र तालमीतल्या त्या खुर्चीवर बसून 'असे नव्हते' म्हणणारे कोणी नसेल.