भोपाळची माती, कागदांच्या साक्षीने

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याची माती विषारी असल्याचा एक ठोस पुरावा खुद्द कंपनीच्याच दप्तरात सापडतो. 1969 पासून 1984 पर्यंत कीटकनाशकांचा कचरा आवारातच खड्ड्यांत टाकला जात होता. 1989 साली तिथले मातीचे नऊ आणि द्रवाचे आठ नमुने कंपनीने तपासले. बहुतेक द्रव नमुन्यांत नॅफ्थॉल हे रसायन किंवा कारखान्यात बनणारे कीटकनाशक सेविन परवानगीच्या मर्यादेहून कितीतरी जास्त होते. चाचणीतले सगळे मासे मेले. हा अंतर्गत अहवाल अमेरिकेतल्या खटल्यामुळे बाहेर आला.

पुढचा पुरावा नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचा. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर केलेल्या 2010 च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन आहे. 2011 मध्ये कारखान्याच्या गोदामात गोळा करून ठेवलेला कचरा नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळण्याचा आदेश निघाला, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. अखेर 2025 च्या जानेवारीत 337 टन कचरा मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळला. त्यात गोळा केलेली मातीही होती; जमिनीत मुरलेल्या विषाला मात्र हात लागला नाही.

सप्टेंबर 2009 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथला कचरा हातात घेतला आणि आपण ठणठणीत असल्याचे सांगितले. त्वचेतून विष शिरते ते असे क्षणात जाणवत नाही. 1974 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी स्वयंसेवकांच्या हातावर कार्बारिल, म्हणजे सेविनच, लावून पाहिले, तेव्हा सुमारे 74 टक्के अंगात शोषले गेले. लिंडेन या दुसऱ्या कीटकनाशकाचे प्रमाण सुमारे 9 टक्के होते. मातीला चिकटलेले रसायन त्याहून कमी सुटते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची 2004 ची मार्गदर्शिका मातीतल्या लिंडेनचा 4 टक्के अंश धरते आणि खेळणाऱ्या मुलाच्या दर चौरस सेंटिमीटर त्वचेला 0.2 मिलिग्रॅम माती चिकटते असे मानते. उघड्या त्वचेचे क्षेत्र 2,800 चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळी अर्धा ग्रॅमहून थोडी अधिक माती होते. हे हिशोब भोपाळच्या मुलांवर मोजलेले नाहीत, पण रोज त्याच मातीत खेळणाऱ्याच्या अंगात त्वचेतून विष कसे शिरू शकते ते त्यांवरून कळते.

म्हणून सफाईला कितीही वर्षे लागोत, आवाराला भक्कम कुंपण आणि उघड्या मातीवर स्वच्छ मातीचा थर, एवढे तरी आजच व्हायला हवे.