सरफोजीराजांचा इंग्रजीचा धडा

तंजावर येथे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या कबरीवर इंग्रजी भाषेतील एक लहानशी यमकबद्ध रचना कोरलेली आहे. ती रचणारा कोणी इंग्रज कवी नव्हे. ती रचली भोसले कुळातील मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी, आपल्या पालक-गुरूच्या मृत्यूनंतर. काव्य म्हणून तिचे मोल फार मोठे नाही. गुणवाचक विशेषणे एकापुढे एक मांडलेली आहेत आणि क्रियापदे मोजकीच आहेत. नव्या भाषेचा शब्दसंग्रह हाती आलेला, परंतु वाक्याची वळणे अद्याप पूर्णपणे अंगवळणी न पडलेला विद्यार्थी जसे लिहील, तसेच ते लेखन आहे. तथापि एका मराठी मुखातून निघालेले इतके जुने इंग्रजी पद्य फारसे कोठे आढळत नाही. मराठी शाळेत पाल्याचे नाव घालताना ‘इंग्रजीचे काय?’ हा प्रश्न आजही पालकांच्या मनात प्रथम उभा राहतो. त्यांनी या राजाच्या शिक्षणाची हकीकत अवश्य पाहावी.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजींचे देहावसान झाले. दत्तविधान अशास्त्रीय ठरवून कंपनी सरकारने तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांना गादीवर बसविले. दत्तक पुत्राच्या वाट्याला आली ती नजरकैद. या मुलास धड शिक्षणही मिळत नाही, असे श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारास वारंवार कळविले. अखेरीस १७९३ मध्ये तुळजाजींच्या विधवा राण्यांसह सरफोजींना मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, हलविण्यात आले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंधरा-सोळा.

मद्रासमध्ये त्यांच्या शिक्षणाची देखरेख विल्हेल्म गेरिके यांच्याकडे आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. श्वार्ट्झ जर्मन, गेरिकेही जर्मन. ज्यांनी स्वतः इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कष्टाने आत्मसात केली होती, अशांकडून मराठी राजपुत्र इंग्रजी शिकला. श्वार्ट्झ यांना तमिळ उत्तम येई, आणि तंजावर दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले होते. इंग्रजी शिकविण्यास जन्माने इंग्रजच हवा, ही समजूत दोन शतकांपूर्वीही खरी नव्हती.

त्या काळचे मद्रास हे शिक्षणाच्या प्रयोगांचे नगर होते. १७९२ मध्ये तेथे वेधशाळा उभी राहिली आणि १७९४ मध्ये मोजणीचे शिक्षण देणारी शाळा निघाली. एग्मोर येथील अनाथालयात अँड्र्यू बेल हे वरच्या मुलांकडून खालच्या मुलांना शिकवून घेत. वाळूत बोटाने अक्षरे गिरविण्याची रीत त्यांनी येथल्या ओट्यावरच्या तमिळ शाळेत पाहिली आणि उचलली. पुढे इंग्लंडात तिला ‘मद्रास पद्धती’ असे नाव मिळाले. लिंडली मरे यांचे गाजलेले इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले, तेही याच वर्षांत. तरुण सरफोजी या वातावरणात वाढले आणि परत गेले ते केवळ भाषा घेऊन नव्हे, तर ती भाषा कशासाठी वापरायची याची स्पष्ट कल्पना घेऊन.

ती कल्पना पुढील तीस वर्षांच्या कामातून दिसते. १७९८ मध्ये, श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला, नेमणूक व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. ज्या भाषेत त्यांनी आपल्या हक्काची बाजू मांडली, त्याच भाषेतील कागदावर त्यांचे राज्य गेले. याचा सल त्यांना नसेल असे म्हणवत नाही. परंतु त्यांनी इंग्रजीशी वैर धरले नाही आणि मराठीही सोडली नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयातील युरोपीय ग्रंथांची संख्या साडेचार हजारांच्या घरात जाते. त्यांतील पुष्कळ ग्रंथांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. डॉ. जॉन्सन यांचा १७८४ चा कोशही तेथे आहे. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले. लिनीयस, ब्युफाँ, लाव्हाझिए यांच्या विषयी सहज बोलणारा आणि शेक्सपिअरविषयी स्वतःचे मत असलेला हिंदी राजा पाहून ते चकित झाले व तसे त्यांनी लिहून ठेवले. साहेबाच्या आश्चर्यात थोडा वरचढपणाचा वास येतो खरा; पण साक्ष मोलाची आहे.

या व्यासंगातील प्रवास आणि वारसा हे दोन धागे शिक्षकाने विशेष पाहण्यासारखे आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींच्या नावावर असलेले मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार असून त्यात भविष्य सांगणारी डोंगराळ मुलखातील स्त्री आपल्या प्रदेशाचे वर्णन गाते. सरफोजींनी तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. इंग्रजी ग्रंथांतून आलेले ज्ञान, साचा तमिळ आणि भाषा मराठी! परकी नावे गाण्याच्या चालीवर जिभेवर चढावीत, ही योजना आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शोभेल अशी आहे.

१८२० ते १८२२ या काळात राजांनी काशीयात्रा केली. सोबत सुमारे तीन हजारांचा लवाजमा होता. काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली गेली, संस्कृत हस्तलिखिते जमविली गेली आणि या यात्रेवर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ मराठीत रचल्या गेल्या. पुढे १८३०-३१ मध्ये मद्रासच्या सुप्रीम कोर्टातील दुभाषी एनुगुल वीरास्वामी हेही काशीस गेले. त्यांनी आपला प्रवास तेलुगूत लिहिला आणि १८३८ मध्ये तो छापला गेला. दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्या या गृहस्थाने वाटेतील मुक्काम, बाजार, नद्या व माणसे टिपली ती मात्र आपल्या भाषेत.

प्रवास आणि वास्तू या विषयांवर भाषेचा सराव का फळतो, हे व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर उलगडते. मराठीत ‘मद्रासहून’, ‘नदीकाठाने’, ‘देवळासमोर’ असे म्हणताना संबंध दाखविणारा अंश नामाच्या मागून येतो, तमिळमध्येही तसेच. इंग्रजीत तो नामाच्या पुढे जाऊन बसतो. मुलाला वाटेचे वर्णन करावयास सांगितले की एका परिच्छेदात असे दहा शब्द वापरावेच लागतात. कावेरी या नदीच्या नावाआधी इंग्रजीत निश्चित उपपद येते, तंजावर या गावाच्या नावाआधी येत नाही. नकाशा समोर असला म्हणजे हा नियम घोकावा लागत नाही. आणि प्रयोगांचे काय? ‘राजराजाने मंदिर बांधले’ हे मराठी वाक्य कर्मणी प्रयोगातले. त्यातील क्रियापद मंदिराचे लिंगवचन पाळते. इंग्रजीत राजराजाला कर्ता केले की वाक्य कर्तरी होते. मंदिराला कर्तृपद दिले तर साहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित यांची जोडी लागते. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराविषयी पाच वाक्ये लिहिताना हा भेद जितका स्वच्छ कळतो, तितका सुट्या उदाहरणांच्या यादीवरून कळत नाही. ‘बांधले गेले’ आणि ‘आजही उभे आहे’ हे दोन काळही एकाच वास्तूत शेजारी भेटतात.

छपाईच्या बाबतीतही तंजावरने आघाडी घेतली होती. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण छापले. ते इंग्रजांना मराठी यावी म्हणून. त्याच्या दुसऱ्याच वर्षी तंजावरच्या राजांच्या छापखान्यातून इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने देवनागरी टाइपात निघाला. तो मराठी मुलांसाठी होता. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापले गेले ते १८२२ मध्ये, हे आठवले म्हणजे तंजावरचे पाऊल किती आधीचे होते ते समजते. महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत या छापखान्याला दोन ओळीही मिळू नयेत, ही खेदाची गोष्ट होय.

मद्रासचा वारसा सरफोजींपाशी संपला नाही. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव हे तंजावरी देशस्थ मराठी घराण्यातले. मद्रासच्या हायस्कुलात एअर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली ते शिकले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. त्यांच्या इंग्रजीचा लौकिक सर्वत्र होता. १९१२ मध्ये याच शहरात दाक्षिणात्य मराठी मुलांच्या शिक्षणासाठी ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ स्थापन झाला. परंतु तोवर चित्र पालटले होते. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर तंजावरचे संस्थान खालसा झाले. मराठीला दरबार राहिला नाही, छापखाना राहिला नाही आणि शाळाही राहिली नाही. ती घरात बोलली जात राहिली, पण लिहिणारे हात कमी होत गेले. तंजावर दरबाराची मोडी दप्तरे आज तमिळनाडूत जपून ठेवलेली आहेत. ती वाचू शकणारी माणसे मात्र थोडी आहेत. इंग्रजी शिकल्यामुळे मराठी गेली, असे या इतिहासावरून सिद्ध होत नाही. शाळा गेली तेव्हा ती गेली.

सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास लिहवून घेतला. इंग्रजीत सुंदर पत्रे लिहिणाऱ्या या राजाने तो बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविला तो मराठीत, देवनागरी अक्षरांत. सहलीने तंजावरला गेलेली महाराष्ट्रातील मुले तमिळ पाट्यांच्या गर्दीतून फिरत फिरत त्या भिंतीपाशी येतात, आणि अचानक थांबून मोठ्याने वाचू लागतात.