पगारातून कापले जाणारे दोनशे रुपये आणि रोजगार हमीचा इतिहास

नोकरीला लागलेली आपली पोरं पहिल्या पगाराची स्लिप घेऊन विहारात येतात आणि विचारतात, "दादा, हे पीटी म्हणून दोनशे रुपये कशाचे कापले?" महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २५०० रुपये. हा व्यवसाय कर. मग लगेच पुढचं वाक्य येतं, "सरकारनं कर कमी केले तर कंपन्या वाढतील, आपल्याला नोकऱ्या मिळतील." टीव्हीवर रोज हेच ऐकल्यावर पोरं दुसरं काय बोलणार? पण ज्या कराबद्दल ते विचारतात, त्याचाच इतिहास या वाक्याला उत्तर देतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आज्या-आजोबांनी अंगावर काढला. माझी आजी खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी ती कामं. खाजगी मालकाकडे तेव्हा काम नव्हतं, कारण शेतात पीकच नव्हतं. त्या वर्षी मालकाचे कर माफ केले असते, तर त्यानं माझ्या आजीला कामावर घेतलं असतं का? कर माफ झाल्यानं पाऊस पडत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. माल खपणार असेल तरच मालक माणूस ठेवतो.

या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी १९६५ सालीच तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला होता. प्रश्न पैशाचा होता. १९७५ साली महाराष्ट्रानं कायदा करून व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारानं आणि व्यावसायिकानं थोडं द्यायचं, त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. सोबत इतर काही करांवर अधिभार लावले आणि राज्यानं तेवढीच भर घातली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. पुढे २००५ साली केंद्रानं जो कायदा केला, त्याची वाट इथूनच निघाली. म्हणजे या राज्यात रोजगाराचा हक्क कर लावून आला. सूट देऊन आलेला नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, पण जमीन नसलेल्या माणसाला कामासाठी पाटलाच्याच दारात उभं राहावं लागत होतं. सरकारी कामावर मस्टरवर नाव लागलं, मोजमाप झालं, की रोख मजुरी मिळायची. आजी सांगायची, तिथंही पाण्याचा माठ वेगळा होता. पण मजुरी मागताना हात जोडावे लागत नव्हते. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात हेच बजावलं होतं. पोटासाठी जो दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याला आपले मूलभूत हक्क वापरताच येत नाहीत.

आता दुसरी बाजू बघू. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रानं कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तर नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के. सरकारनंच सांगितलं, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल. या दरकपातीला किती माणसं कामावर घ्यायची याची कुठलीच अट नव्हती. कंपनी करातून मिळणारं उत्पन्न २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी होतं, ते २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटींवर आलं. त्यात मंदीचाही वाटा होता. पण मंदीतच मालक नवी माणसं घेत नाही, हाच तर मुद्दा आहे. पुढच्याच वर्षी कोरोना आला, शहरातून माणसं पायी गावी गेली. तेव्हा सुमारे साडेसात कोटी कुटुंबांना काम दिलं ते रोजगार हमीनं. त्यावर खर्च झाला सुमारे १ लाख ११ हजार कोटी, म्हणजे सोडून दिलेल्या करापेक्षा कमीच.

म्हणून सगळी करसवलत वाईट, असं माझं म्हणणं नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं, की प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा मात्र गरिबातल्या गरीब शेतकऱ्यालाही चुकत नाही. कर ऐपतीप्रमाणे हवा. गरिबाच्या साबणावरचा, औषधावरचा कर कमी झाला तर तो माणूस वाचलेला पैसा बाजारातच खर्च करतो. सवलत कुणाला, हे आधी विचारलं पाहिजे.

आणि सरकारी खर्चही आपोआप न्याय देत नाही, हे आपल्यालाच माहीत आहे. आपल्या माणसांनी खोदलेल्या पाझर तलावाचं पाणी ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत उतरलं. आपल्याला मजुरी मिळाली, मालमत्ता नाही. आज सरकारी खर्चाचा मोठा भाग ठेकेदाराच्या हातून जातो. शिक्षक, परिचारिका, सफाई कामगार यांची कायम पदं भरली तर त्यात आरक्षण लागू होतं. तेच काम कंत्राटावर दिलं की आरक्षणही जातं आणि नोकरीची शाश्वतीही. कंपनीला दिलेल्या करसवलतीतून आरक्षणाची एकही जागा निघत नाही.

म्हणून पुढच्या वेळी स्लिपवर ते दोनशे रुपये दिसले की कुरकुर करू नका. हिशेब मागा. रिक्त पदं किती, कंत्राटी किती, रोजगार हमीची मजुरी किती दिवस थकली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या आज्यांनी खडी फोडून हा हक्क उभा केलाय. तो राखायचा असेल तर अर्थसंकल्प वाचायला शिकलं पाहिजे.

जय भीम!